रुमालाखालचा भाव

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही साताऱ्यात वकिली करता, धाकटा भाऊ पोलीस उपनिरीक्षक आहे, आणि तो सुट्टीवर घरी आला की जेवणाच्या ताटावर तुमचं भांडण ठरलेलं. तो म्हणतो, ज्याला लपवायचं काही नाही त्याने मेसेजला कुलूप लावायचंच कशाला? आणि लावायचं तर एक जादा किल्ली सरकारकडे राहू दे, कोर्टाच्या हुकमाशिवाय तिला कोणी हात लावणार नाही. तुम्हाला हे पटत नाही, पण का पटत नाही ते त्याच्यापुढे मांडता येत नाही. जाता जाता तुम्ही हेही विचारलंय की पक्षकारांशी बोलायला काय वापरावं.

कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. मला किल्ल्या कळतात. २६ वर्षं तेच केलं: आधी मुंबई-पुण्यात बँकांच्या एटीएम आणि कार्डांच्या किल्ल्या, आता सांगलीत राहून नागरी बँका आणि पतसंस्थांची कामं. किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा, दुसरं काही नाही. पण तो आकडा कोण तयार करतं, कुठे ठेवतं, सांभाळणारा निवृत्त झाला की तो कुणाकडे जातो, यातच माझे दिवस गेले. म्हणून उत्तरही त्याच बाजूने येणार.

सुरुवात खरसुंडीच्या पौषी यात्रेपासून करतो. आमचं मूळ गाव आटपाडी तालुक्यातलं. सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, वडील खोंड विकायला निघाले तेव्हा मीही मागे लागलो. गिऱ्हाईक आलं, त्याने खोंडाचे दात बघितले, चालवून बघितलं, आणि मग बोलणंच बंद झालं. वडिलांनी खांद्यावरचा रुमाल काढला, दोघांचे हात त्याखाली गेले. बोटं धरायची, दाबायची, सोडायची. गिऱ्हाईक मान हलवतंय, वडील हात झटकतायत, पुन्हा रुमाल. भोवती वीसेक माणसं, त्यातले निम्मे हेडी, जनावरांच्या धंद्यात केस पिकलेले. त्यांच्या नाकासमोर सौदा झाला आणि आकडा एकालाही कळला नाही. मी विचारलं, "आबा, कितीला गेलं?" तर म्हणाले, "गप. घरी गेल्यावर."

वडिलांनी काही चोरी केली नव्हती. दावणीला अजून एक जोडी होती आणि तिचं गिऱ्हाईक त्याच गर्दीत असणार होतं. पहिला भाव फुटला असता तर दुसरा सौदा तिथूनच सुरू झाला असता. तुमच्या भावाच्या "लपवायचं काय आहे?" या प्रश्नाला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही. जमीन विकायचीय, मुलीचं स्थळ बघायचंय, तपासणीचा रिपोर्ट आलाय, भावकीत वाटणीचा दावा लागलाय, अशा कुणालाही तो रुमाल लागतो. समोरच्याला आपली अडचण आधी कळली की आपण पडत्या बाजूला जातो, म्हणून. वकिलाला हे मी काय सांगू! तडजोडीत तुमचा पक्षकार शेवटी कुठपर्यंत खाली यायला तयार आहे, हे तुम्ही विरुद्ध बाजूला सांगता का?

त्या दिवशीची दुसरी गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी उमगली. रुमालाखाली आकडा झाकलेला होता, पण कोण कुणाशी बोलतंय, किती वेळ, कोण रागाने उठून गेलं आणि परत आलं, शेवटी कासरा कुणाच्या हातात गेला, हे सगळं उघड्यावर होतं. मुरलेला हेडी तेवढ्यावरून भाव बराचसा ताडायचा. हे लक्षात असू द्या, पुढे तुमच्या भावाच्या कामाला येणार आहे.

आता कुलपाबद्दल. गुप्त बोलण्याची हौस आपल्याकडे जुनीच. "पाणी"चं "चणीपा" करणारी चची भाषा शाळेत आपण सगळेच बोललो. करपल्लवी त्याहून शिस्तीची: अहिफण, कमल, चक्र, टंकार, तरु, पल्लव, यौवन, शृंगार. आद्याक्षरं बघा, अ-क-च-ट-त-प-य-श, सगळी वर्णमाला आठ खुणांत बसवलीय. हाताचा नागफणा केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, मग वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी दाखवायचं. महानुभावांनी पोथ्यांसाठी सकळ, सुंदरी अशा लिप्या घडवल्या. सकळ लिपीचं मूळ तत्त्व एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. या सगळ्यांत एकच दोष आहे. गुपित पद्धतीत दडलेलं आहे, आणि पद्धत एकदा फुटली की सगळ्यांचं सगळं एकदम उघडं पडतं. अक्षरांची अदलाबदल तर फुटायचीही वाट बघत नाही. मराठीत "ढ" क्वचित येतो, "त" आणि "र" पदोपदी येतात. भरपूर मजकूर हाताशी असला की नुसती मोजणी करून कोडं सुटतं.

साताऱ्याचा माणूस म्हणून एक उदाहरण तुम्हाला जवळचं वाटेल. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं तुमच्या आसपास आहेत, घराघरात शिपाई. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं इंग्रज सेन्सॉर वाचायचे. मग काहींनी युक्ती काढली: हिंदी शिपाई म्हणजे काळी मिरी आणि गोरे म्हणजे लाल मिरची. काळी मिरी संपत आलीय, असं घरी कळवलं की घरच्यांनी काय ते समजायचं. सेन्सॉरनेही ते समजून घेतलं. आज आपल्याला ही मिरी ठाऊक आहे ती त्याच सेन्सॉरच्या दप्तरात तिची नोंद राहिली म्हणून.

१८८३ मध्ये ऑगुस्त केर्कहॉफ्स या फ्रान्समध्ये शिकवणाऱ्या डच भाषापंडिताने मांडलं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावं. आमच्या धंद्यात हे अजून चालतं. आज तुमच्या फोनमध्ये जे कुलूप आहे त्याची रचना जगजाहीर आहे, जगभरचे गणिती ते फोडायला बसलेत, आणि म्हणूनच आम्ही त्यावर भरवसा ठेवतो. कुणी "आमची पद्धत गुप्त आहे म्हणून सुरक्षित आहे" असं सांगत आला की मी चहा पाजून त्याला वाटेला लावतो.

पण किल्ली समोरच्याला पोचवायची कशी? हजारो वर्षं याला जासूद, दूत, सीलबंद थैली एवढंच उत्तर होतं. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, रुमालाशिवाय किल्ली ठरवायची रीत छापून प्रसिद्ध केली. मला आजही ती जादू वाटते, म्हणून दोन मिनिटं इथे थांबतो. समजा बाजारात पाटीवर दोन आकडे लिहिलेत, ३ आणि १७. वडील मनात ६ धरतात, गिऱ्हाईक ७ धरतं. ३ चा सहावा घात ७२९, त्याला १७ ने भागलं की बाकी १५. वडील मोठ्याने ओरडतात, "पंधरा!" ३ चा सातवा घात २१८७, बाकी ११. गिऱ्हाईक ओरडतं, "अकरा!" आता वडील त्या ११ चा सहावा घात काढून १७ ने भागतात, बाकी ८. गिऱ्हाईक १५ चा सातवा घात काढून १७ ने भागतं, बाकी ८. दोघांकडे ८ आला, आणि तो कुणी उच्चारलाच नाही. भोवतालच्या हेड्यांनी ३, १७, १५, ११ सगळं ऐकलं. १७ सारखा चिमुकला आकडा असला तर ते कागद-पेन्सिल घेऊन मनातला आकडा शोधतीलही. १७ च्या जागी सहाशे-आकडी संख्या ठेवली की जगातले सगळे संगणक लावूनही तो उलटा शोध लागत नाही.

यात एक भोक आहे. "पंधरा" असं ओरडणारे वडीलच कशावरून? पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला आणि त्याने भलेभले चकवले. तसा एखादा तोतया दोघांच्या मध्ये बसला, इकडे गिऱ्हाईक बनला आणि तिकडे वडील बनला, तर दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात येतात. याचा इलाज शेवटी सांगतो.

भर बाजारात किल्ली ठरवायची ही रीत व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांसाठी लागू केली. किल्ल्या दोन फोनांतच तयार होतात आणि तिथेच राहतात. मधल्या सर्व्हरची भूमिका पोस्टमनची, तो पाकीट पोचवतो. म्हणजे पोलीस मजकूर मागायला गेले आणि कंपनी "देता येत नाही" म्हणाली, तर तो अडेलपणा नसतो, तिच्याकडे किल्लीच नसते. किल्ली अंदाजाने शोधायची म्हटलं तर १२८ बिटांच्या, म्हणजे शून्य किंवा एक अशा १२८ खुणांच्या, किल्लीला सेकंदाला दहा लाख कोटी आकडे तपासणारं यंत्र लावा. सगळे तपासायला एकावर अठरा शून्यं इतकी वर्षं लागतील. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आहे. किल्ली तोकडी ठेवली तर मात्र फजिती होते. अमेरिकन सरकारने १९७७ मध्ये मान्य केलेल्या डीईएस पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती. १९९८ मध्ये एका नागरी हक्क संस्थेने खास यंत्र बांधून ती ५६ तासांत फोडून दाखवली.

तर मग जादा किल्ली. तुमचा भाऊ प्रामाणिक आहे असं धरूनच चालतो. सरकार वाईट आहे, हा माझा मुद्दाच नाही. तो मुद्दा आपल्या भागात मांडायला फार सोपा आहे. १९४३ मध्ये कुंडलच्या परिसरात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, प्रतिसरकारच्या लोकांना निरोप पोचवणारं प्रत्येक माणूस कायद्याच्या लेखी गुन्हेगारच होतं. पण हे तुम्ही जेवताना काढलंत तर तो म्हणेल, ते राज्य परक्यांचं होतं, आणि पुढचा अर्धा तास इतिहासात जाईल. म्हणून ते सोडा. त्याला माझी पाकिटांची गोष्ट सांगा.

बँकेच्या सगळ्या एटीएम पिनांच्या वर एक मास्टर किल्ली असते. ती एचएसएम नावाच्या पेटीत राहते. पेटी उचकटायला गेलं की ती आतली किल्ली स्वतःच पुसून टाकते. पेटी बिघडली तर किल्ली परत घालता यावी म्हणून ती तीन तुकड्यांत कागदावर उतरवतात. तीन अधिकारी, तीन सीलबंद पाकिटं, तीन वेगळ्या जागच्या तिजोऱ्या. कुठल्याही दोघांनी संगनमत केलं तरी तिसऱ्या तुकड्याशिवाय काही कळत नाही. गणिताने अगदी पक्की व्यवस्था. एका बँकेत, नाव राहू दे, मी स्वतः हा सोहळा पार पाडला. सोहळाच म्हणतो आम्ही त्याला: कॅमेरे, सह्या, साक्षीदार. चार वर्षांनी तपासणीला गेलो. एक अधिकारी निवृत्त झाले होते, एकांची बदली झाली होती, एका शाखेची जागा बदलली होती. तिन्ही पाकिटं एकाच कपाटात, एकाच फायलीत, टाचणी लावून. फायलीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, "महत्त्वाचे कागद". शाखा हलवताना हरवू नयेत म्हणून कुणीतरी काळजीने एकत्र केली होती.

एक पैसा गेला नाही. कुणाच्या मनात पापही नव्हतं. आणि ही किल्ली चार-पाच वर्षांतून एखादे वेळी बाहेर काढायची होती. तुमच्या भावाला हवी ती किल्ली मात्र रोज लागणार: खुनाच्या तपासाला इथे, फसवणुकीला तिथे, बेपत्ता मुलीसाठी रात्री दोन वाजता, आणि तेव्हा "उद्या सकाळी तिन्ही अधिकारी आल्यावर" असं कोण म्हणेल? क्वचित लागणारी किल्ली सांभाळता येते. रोज हजार हातांतून फिरणारी, आणि तरीही कोट्यवधी लोकांची सगळी कुलपं उघडणारी किल्ली सांभाळायची रीत माझ्या धंद्याला सापडलेली नाही. एटीएमच्या बाबतीत चूक झाली तर बँक भरपाई देते. इथे फुटलेली गोष्ट परत झाकता येत नाही.

हे माझं निराशावादी मत आहे असं वाटत असेल तर झालेल्या गोष्टी बघा. ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये पोलिसांसाठी कायदेशीर टॅपिंगची सोय बसवलेली होती. २००४-०५ मध्ये कुणीतरी नेमकी तीच सोय गुपचूप चालू केली आणि शंभरावर लोकांचे फोन ऐकले. त्यात देशाच्या पंतप्रधानांचाही फोन होता. २०२४ मध्ये अमेरिकेत उघड झालं की चिनी हॅकर तिथल्या मोठमोठ्या टेलिफोन कंपन्यांत शिरले होते आणि कायदेशीर टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोचले होते. त्यानंतर तिथल्याच सरकारी सायबर यंत्रणेने बड्या अधिकाऱ्यांना सल्ला दिला, की एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणाऱ्या दोघांखेरीज कुणालाच न उघडणारं कुलूप, असलेलं ॲप वापरा. त्याच देशाने १९९३ मध्ये क्लिपर चिप आणून ती बसवलेल्या प्रत्येक फोनची एक किल्ली सरकारकडे ठेवायचं घाटलं होतं. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकाने त्यातली चूक दाखवली आणि काही वर्षांत ती चिप बासनात गेली.

आपल्याकडे सप्टेंबर २०१५ मध्ये एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला होता, आठवत असेल. पाठवलेल्या मेसेजचा साधा मजकूर ९० दिवस जपून ठेवा, असं त्यात नागरिकांनाही सांगितलं होतं. ओरड झाली तसा तो लगेच मागे घेतला. मसुदा लिहिणाऱ्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण त्याने कधी स्वतःच्या हाताने किल्ली सांभाळली नसावी, असं तो वाचताना सारखं वाटत होतं.

एवढं सांगून मी भावाची बाजू सोडून देत नाही, कारण ती खरी आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेकरी होते. त्या दिवसांत तसल्या अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. आपल्या जत तालुक्यात लवंग्याला सप्टेंबर २०२२ मध्ये चार साधूंना त्याच संशयाने मारहाण झाली. पोलीस ठाण्यात बसलेल्या माणसाने विचारलं, की ही अफवा पहिल्यांदा कुणी सोडली तेवढं तरी सांगा, तर ते मागणं अवाजवी नाही. २०२१ च्या आयटी नियमांत नेमकं तेच आलं: ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने, रीतसर आदेश आला की मजकुराचा पहिला जन्मदाता शोधून द्यायचा. व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर आम्ही इथून जाऊ. ही धमकी मला आवडली नाही. व्यापाऱ्याने कोर्टाला अशी भाषा करू नये.

पण तांत्रिक अडचण खरीच आहे. मजकूर न वाचता त्याचा माग ठेवायचा म्हणजे प्रत्येक मेसेजचा ठसा काढून ठेवायचा. हा ठसा म्हणजे हॅश, मजकुरापासून काढलेला एक आकडा. तो कधी लागेल हे आधी कळत नाही, म्हणून साऱ्यांचा सगळा ठेवायचा: तुमचा पक्षकाराला, आईचा मावशीला. आणि अफवा पसरवणाऱ्याने शेवटी एक टिंब जास्त टाकलं की ठसा बदलला, माग तुटला. त्यातून जो सापडेल तो बहुधा मजकूर दुसरीकडून उचलून इथे चिकटवणारा कुणीतरी भाबडा काका असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्यापेक्षा साधा उपाय निघाला. जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली, आणि २०२० पासून फार फिरलेला मेसेज एकदा एकाच ठिकाणी. मेसेज किती हातांतून फिरला याचा आकडा मेसेजबरोबरच जातो, कुलूप उघडावं लागत नाही. अफवा थांबल्या नाहीत, पण त्यांचे पाय बांधले गेले.

जिथे माझ्याकडे चांगलं उत्तर नाही ती जागा मुलांच्या अत्याचाराच्या चित्रफितींची. ॲपलने ऑगस्ट २०२१ मध्ये, फोनमधून फोटो त्यांच्या क्लाउडवर जाण्याआधी फोनमध्येच तपासायची योजना जाहीर केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सोडून दिली. सोडली हे बरं झालं असं माझं मत आहे, कारण आज अशा चित्रांची यादी आणि उद्या कार्टूनची, यादी कोण बनवणार याला बांध नाही. पण हे मत सांगताना माझा आवाज चढत नाही. कुणाचं तरी लेकरू त्या हिशोबात दुसऱ्या बाजूला आहे.

आता खरसुंडीतल्या त्या हेड्यांकडे परत या. भाव झाकलेला होता, पण सौदा दिसत होता. तुमच्या भावाला विचारा, त्याने गेल्या वर्षात उलगडलेल्या गुन्ह्यांत मजकूर वाचून किती उलगडले आणि सीडीआर (कुणी कुणाला कधी फोन केला याची कंपनीकडची नोंद), टॉवर लोकेशन, सीसीटीव्ही आणि खात्यावरच्या नोंदी जुळवून किती. कोण कुणाला कधी भेटलं, फोन कुठे होता, पैसा कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेला, हे कुलपाच्या बाहेर आहे. तीस वर्षांपूर्वीच्या फौजदाराला यातलं एकही मिळत नव्हतं. "डिजिटल अरेस्ट"च्या नावाखाली, फोनवर खोटे पोलीस बनून, निवृत्त शिक्षकांची पुंजी लुटली जाते तेव्हा अडचण एन्क्रिप्शनची नसते. मेसेज तर फिर्यादीच्याच फोनमध्ये उघडा पडलेला असतो. अडचण असते ती भाड्याने दिलेल्या बँक खात्यांची, आणि पैसे चार खात्यांतून पुढे सरकायच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन न जाण्याची. ते काम वेगाचं आहे.

आणि मोठ्या टोळ्यांसाठी दुसरा रस्ता आहे, फोनमध्येच शिरण्याचा. युरोपात गुन्हेगारांचे लाडके एन्क्रोचॅट फोन फ्रेंच पोलिसांनी २०२० मध्ये आतून उघडले. अमेरिकेच्या एफबीआयने तर ॲनॉम नावाचं ॲपच गुन्हेगारांना वापरायला दिलं, आणि २०२१ मध्ये जगभर आठशेच्या वर लोक धरले. हे महाग, किचकट, एकेका टोळीमागे लागून करायचं काम. महाग आहे हेच मला त्यात आवडतं. ज्याच्यामागे लागायचं तो तेवढा मोठा असावा लागतो. अर्थात याच वाटेने पेगासस हे फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअरही येतं, तेव्हा परवानगी कोण देतं आणि नंतर तपासतं कोण, हा प्रश्न उरतोच. खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी निकालात २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी कायदा, गरज आणि प्रमाण या कसोट्या सांगितल्या, त्या इथे लावायच्या. त्या कशा लावायच्या हे तुम्ही मला शिकवाल. एक मात्र सुचवतो: मजकुरापेक्षा या बाहेरच्या खुणांवर तुमच्या मंडळींनी जास्त लक्ष ठेवावं. एक वकील, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि पुन्हा तो वकील, एवढे तीन फोन कुणी एका संध्याकाळी केले, तर आत काय बोलणं झालं हे ऐकायची गरज उरत नाही.

राहता राहिले तुमचे पक्षकार. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १३२ वं कलम वकील-पक्षकारातलं बोलणं राखतं, पण ते कलम पक्षकाराच्या मेव्हण्याला लागू होत नाही, आणि फोन बहुतेक वेळा मेव्हण्याच्या हातात असतो. मी पाहिलेली बहुतेक गळती कुलूप फोडून झालेली नाही. बॅकअपमधून झाली, कारण चॅट कुलपात आणि त्याची प्रत क्लाउडवर उघडी. व्हॉट्सॲपमध्ये बॅकअपलाही एंड-टू-एंड कुलूप लावायची सोय २०२१ पासून आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. ती करा, आणि तिचा पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. विसरलात तर कंपनीलाही परत देता येणार नाही. टू-स्टेप पिन लावा. "लिंक्ड डिव्हाइसेस" महिन्यातून एकदा उघडून बघा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुन्या मुन्शीचं लॉगिन अजून चालू असेल. पक्षकार, त्याचा भाऊ, चुलता आणि गावचा सरपंच असा ग्रुप काढून दाव्याची चर्चा करू नका. सिग्नल हे मेसेजिंग ॲप वापरलंत तर आणखी बरं, तिथे कोण कुणाशी बोलतं याची नोंदही जवळजवळ ठेवत नाहीत. आणि कोर्टासमोरच्या टपरीवर चहा पिताना मोठ्याने बोलायचं सोडा. त्या बाकड्यावर जितकं फुटतं तितकं कुठलाही हॅकर फोडत नाही.

तोतयाचा इलाज राहिला. व्हॉट्सॲपमध्ये त्या माणसाच्या नावावर टिचकी मारून आत गेलं की "एन्क्रिप्शन" असा रकाना दिसतो. त्यात ६० आकडे असतात, पाच-पाचाचे बारा गट. मध्ये कुणी बसलेलं नसेल तर दोन्ही फोनांवर ते अगदी सारखे येतात. भाऊ पुढच्या सुट्टीला आला की आधी त्याच्याबरोबर करून बघा, म्हणजे पक्षकारांना दाखवता येईल. एकाने वाचायचे, दुसऱ्याने ताडून बघायचे. जेवण वाढून व्हायच्या आत उरकतं.